दोन इंचाची चोरी

रामाजीची जेवाची थाळी मी चोरली, हे आधीच कबूल करून टाकतो. माल माह्याच दुकानात होता, वरच्या फळीवर, गंजायच्या, म्हणजे मोठ्या पातेल्यायच्या मागं. तेरा इंचाची थाळी, जाड पत्रा, काठावर नाव टाकलेलं: 'चि. रामाजी यास मामाकडून सप्रेम भेट, लग्न १९९४'. तिच्या जागी त्याच्या घरी जी थाळी गेली ती अकरा इंचाची. नाव तेच, साल तेच, मामा बी तोच. मधातले दोन इंच मी गायब केले.

काऊन केलं, ते आता सांगतो.

पुलगावच्या बाजारात माहं स्टीलच्या भांड्याचं दुकान हाय. भांडं घेतलं का त्याच्यावर नाव टाकून घेणं ही आपल्याकडची रीतच. बिननावाचं भांडं पंगतीले गेलं तं वापस येत नाई. नाव टाकाची मशीन पंचवीस वर्षापासून माह्या हातात हाय, अन् हे हात काही चुपचाप बसणारे नाई. रामाजीचे पेले लग्नाकार्यात गायब होत, म्हणून मी त्याच्या साऱ्या पेल्यायवर टाकून देल्लं: 'हा रामाजीचा हाय, ठेव खाली.' त्याच्या घरच्या बारशाले लोकं पाणी प्याले पेला उचलत, वाचत, अन् खाली ठेवत. अर्धी पंगत तहानलेली उठली. रामाजी आठ दिवस माह्याशी बोलला नाई. नवव्या दिवशी कचोरी खायाले आला.

त्याचं शिलाईचं दुकान माह्या बरोबर समोर. लष्कराच्या डेपोतल्या जवानायच्या वर्द्या, त्याच्यावरच्या फिती, बिल्ले, नावाच्या पट्ट्या, हे त्याचं काम. बिल्ला एक सूत इकडचा तिकडं झाला तं जवानाले साहेबाचं ऐकून घ्या लागते, म्हणून ते रामाजीकडंच येत.

येत होते म्हणा. दोन वर्षापासून उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डावाही धुरकटलेला. सुई त्याची बायको देवकावहिनी ओवून देत, सरळ शिलाई तो हाताच्या अंदाजानं मारे, पण बारीक काम हातचं गेलं. दिवाळीनंतर एका हवालदाराची नावपट्टी त्यानं उलटी लावली. हवालदार चिडला नाई, हसला बी नाई. वर्दी घडी करून पिशवीत टाकली अन् निघून गेला. रामाजीनं मशीनवर कापड झाकलं अन् तीन वाजताच घरी गेला. तीस वर्षात त्याले तीन वाजता घरी जाताना मी पाह्यलं नव्हतं. तवापासून माह्या जिवाले चैन नाई.

ऑपरेशनसाठी तो दोनदा वर्धेले गेलता, दोन्ही वेळा वापस आला. साखर वाढलेली. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईनं सरळ सांगतलं, "मोतीबिंदू पिकून गेलाय, आता जास्त दिवस थांबता येणार नाही. दहा फेब्रुवारीला या. गोळ्या चुकवू नका, पण नुसत्या गोळ्यांवर राहू नका, ताट बदला."

ताट बदला. मी ते मनावर घेतलं म्हणा.

आता रामाजीचा स्वभाव असा, का त्याले खाऊ नको म्हणलं का भूक लागते. पहिल्यांदा वापस आला तवा चार दिवस कारल्याचा रस पेला, साऱ्या बाजारात तोंड वाकडं करून हिंडला, अन् पाचव्या दिवशी आठ आलूबोंडे खाऊन आला. म्हणे, "मले कोणी सांगाचं काम नाई. माहा डोळा, माहं पोट."

डिसेंबर सरता सरता एका दुपारी देवकावहिनी दुकानात आल्या. "भाऊजी, चाळणी दाखवा," म्हणल्या. मी चार चाळण्या काढल्या. त्या एकाही चाळणीकडं पाहत नव्हत्या, समोर रामाजीच्या दुकानाकडं पाहत होत्या.

"वहिनी, चाळणी घ्याची हाय का मले चाळाचं हाय?"

"तुमालेच," त्या म्हणल्या. "कचोरीच्या पैजा कोण लावे त्याईच्यासंग?"

"मीच."

"बारा कचोऱ्या कोणी चारल्या होत्या?"

"अकरा. बारावी मी खाल्ली."

"तं आता तुमीच उतरवा. दीड महिना हाय. पण त्याईले पत्ता नाई लागला पायजे. माह्या सांगण्यानं होत असतं तं मागंच झालं असतं. तुमी आयुष्यभर लोकायले बनवलं. एखादवेळा कोणाच्या भल्यासाठी बनवा."

मी चाळण्या गोळा करून बाजूले ठेवल्या. वहिनीनं मंग वायरच्या पिशवीतून ती थाळी काढली अन् काउंटरवर ठेवली. "हे भरल्याशिवाय त्याईचं जेवण होत नाई. पोट भरलं का नाई ते पाहत नाईत, थाळी भरली का नाई ते पाहतात."

झालं. आपल्या डोक्यात तिथंच दिवा लागला.

त्याच कंपनीची, त्याच घडणीची अकरा इंची थाळी मी काढली. नाव टाकलं. मूळ थाळीवर मामाच्या 'मा'चा काना जरा तिरपा होता, तोही तसाच तिरपा काढला. मंग नवी चकाकी मारासाठी राखेनं अन् विटेच्या भुकटीनं दोन घंटे घासली. जुनीले एका जागी पोचा होता, तसा हातोडीनं एक पोचा पाडला. माही बायको पंचफुला पाहून राह्यली होती. म्हणते, "घरची भांडी घासाले सांगतलं तं कंबर दुखते."

"हे कलाकारी हाय."

"अजी, त्याईले दिसत नाई, म्हणून जमून राह्यलं तुमचं. यात कसली कलाकारी?"

लागलं मले ते. पण काम थांबवलं नाई.

दुसऱ्या दिवसापासून सुरू. थाळी भरलेली दिसे पण दोन भाकरीचं काम दीड भाकरीत होऊन जाय. गव्हाच्या पोळ्या वहिनीनं दुपारी बंद केल्या, जवारीच्या भाकरी सुरू केल्या. कारण काय सांगतलं, तं गिरणीत गर्दी हाय. दीड महिना गिरणीत गर्दी. दुसरी गोष्ट, रामाजी जेवाले बसला का वहिनी म्हणत, "भाकर तव्यावर हाय, तवरक हे घ्या," अन् समोर काकडी, मुळा, टमाटर, भिजवलेली मटकी ठेवून देत. भाकर दहा मिनिटं तव्यावरच राहे. भुकेला माणूस समोर असंल ते खाते. भाकर येईपर्यंत अर्धी भूक मुळ्यावर गेलेली.

तेलासाठी मी वहिनीले एक बारकी पळी देल्ली, बाळाले औषध पाजाच्या मापाची. चहाच्या डब्यातला साखरेचा चमचा काढला अन् त्याच्या जागी त्याच्यापेक्षा लहान ठेवला. आठ दिवसानं त्याहून लहान. माह्याकडं चमचे सोळा मापाचे हायेत, कोणी घेत नाई ते. शेवटचा चमचा तं असा होता का त्यानं कानातला मळ काढावा.

जेवण झाल्यावर त्याले चालवणं हे सगळ्यात अवघड. तो घरून जेवून आला का मशीनवर डोकं टेकवून घोरत असे. मी एक मोठा गंज काखेत घेऊन त्याच्या दुकानात जाओ अन् म्हणो, "चाल बे, स्टेशनापर्यंत जाऊन येऊ. एका गिऱ्हाइकाले गंज पोचवाचा हाय, एकट्याले बोर होते." आमी जाओ, गिऱ्हाईक घरी नसे, आमी गंज घेऊन वापस येओ. असे दहा-बारा दिवस झाल्यावर रामाजी म्हणला, "बाबाराव, हे गिऱ्हाईक रोजच घरी नसते का?"

"फिरतीची नोकरी हाय."

"मंग त्याले एवढा मोठा गंज कायले लागते?"

मी गंज दुसऱ्या काखेत घेतला. तो माह्या खांद्यावर हात ठेवून चालत राह्यला, कारण त्याले रस्त्यातले खड्डे दिसत नसत.

अन् राह्यली कचोरी.

चार वाजता चौकात गोपालची गाडी लागते. तेलाचा वास सुटला का रामाजी आवाज देई, "बाबाराव, दोन आण." तीस वर्षाची सवय. नाई म्हणलं असतं तं तो स्वतः चाचपडत गेला असता. म्हणून मी जाओ. गोपालले नाई सांगू शकत होतो, कारण गोपालले सांगतलं का पुलगावले सांगतलं. तो दोन कचोऱ्या कागदात बांधून हातात देई. आता सांगा, बांधलेली कचोरी वापस कशी करता? फेकली तं अन्नाले पाप. मी गाडीच्या मागं, नाल्याच्या भिंतीआड उभा राहून त्या दोन कचोऱ्या खाऊन टाको, मिरची सोडून. मंग बाजूच्या बाईकडून उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेओ अन् रामाजीसमोर ठेवो. "गोपालच्या कचोऱ्या संपल्या बे. शेंगा खा."

रोज संपत. रामाजी शेंगा सोलत बसे.

इथंच मले शंका आली. कारण हा तो माणूस, जो एका कचोरीसाठी सख्ख्या साल्यासंग भांडला. ह्याच्यासमोर रोज शेंगा ठेवतो अन् हा गाईसारखा खाते? काऊन? का बाहेरून दुसरीकडं कुठं खाऊन येऊन राह्यला? माह्या डोक्यात किडा वळवळाले लागला. मी दुकानात बसो अन् नजर समोर. गिऱ्हाईक चार इंचाची वाटी मांगे, मी त्याच्यासमोर परात ठेवो. रामाजी लघवीले उठला तरी मी उठो. एकदा तो गल्लीतून वीस मिनिटं आला नाई, तं मी तिकडच्या दोन्ही हॉटेलात डोकावून आलो. तो मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसलता. "काय बे, काय शोधून राह्यला?" त्यानं माही चाल ओळखून इचारलं. "वहाण तुटली," मी म्हणलं. वहाण चांगली होती. मी ती काढून हातात धरली अन् दुकानापर्यंत एका पायानं अनवाणी आलो.

सगळ्यात मोठा तरास हा, का जिची मजा कोणाले सांगता येत नाई ती मस्करी पोटात सडते. आयुष्यभर मी आधी बनवलं अन् घंट्याभरात साऱ्यायले सांगून हसलो. इथं महिना झाला, तोंड बंद. केळझरच्या गणपतीले एकवीस मोदकाचा नवस बोललो, मंग ध्यानात आलं का प्रसाद वाटला तं पहिला हात रामाजीचा येईन. नवस नारळावर आणला.

मधात संक्रांत आली. माह्या धंद्याचा तो मोठा सण, बाया वाणात द्याले वाट्या डझनानं नेतात. मले श्वास घ्याले फुरसत नाई, अन् समोर रामाजीच्या दुकानात जो येई तो तिळगूळ ठेवून जाई. "घ्या रामाजी, गोड बोला." दुपारपर्यंत त्याच्या टेबलावर डबा भरला. मी गिऱ्हाईक तसंच सोडून पळत गेलो. "तुह्या डब्याले मुंग्या लागल्या बे, दे इकडं, साफ करून देतो." डबा आणला, लाडू काढले, त्यात भाजलेले तीळ अन् शेंगदाणे भरून वापस ठेवला. लाडू चौतीस निघाले. घरी न्यावं तं पंचफुला इचारीन कुठून आणले. वाटावं तं लोकं म्हणतीन, आमीच देल्लेले आमालेच? तीन दिवसात संपवले मी. तिसऱ्या दिवशी तिळाकडं पाहू वाटत नव्हतं.

अन् त्याच आठवड्यात माहा पॅन्ट बसेना.

आधी वाटलं, धुऊन आटला. पोट आत ओढून बटन लावलं. दुसऱ्या दिवशी दुसरा पॅन्ट, तोही तसाच. दोन्ही उचलून रामाजीकडं नेले. "जरा सैल कर."

त्यानं पॅन्टाच्या कमरेवरून बोटं फिरवली. "वाढली का काय?"

"कापड खराब हाय."

"बरं. करून देतो सैल."

वापस आले तं आणखी घट्ट. मी म्हणलं, "काय केलं बे हे?" तो म्हणला, "अर्धा इंच सोडला. तुहं पोट पाहा, कापडाले काऊन बोलते?" पुन्हा देल्ले. पुन्हा घट्ट. तिसऱ्यांदा देल्ले, तं खाली बसलो अन् बटन उडून गंजावर वाजलं. पंचफुला म्हणाली, "अजी, सुजले का काय तुमी?" तो शब्द डोक्यात बसला. सुजलो. माणूस कवा सुजते? किडनी गेली का सुजते. लिव्हर गेलं का सुजते. मी आरशात डोळ्याखालचं पाहो, पायाच्या घोट्यावर बोट दाबून खड्डा पडते का पाहो. रोज दोन कचोऱ्या भिंतीआड उभ्यानं खाऊन राह्यलो, हे एका मिनिटासाठीही डोक्यात आलं नाई. त्या माह्या खाण्यात मी धरतच नव्हतो. त्या रामाजीच्या होत्या.

फेब्रुवारीच्या दहाले सकाळी आमी तिघं वर्धेले गेलो. रामाजी उपाशी, वहिनीनं बी चहा घेतला नाई, अन् मी स्टेशनावर तर्री-पोहा खाऊन घेतला, कारण काळजीनं मले भूक लागते. दवाखान्यात रक्त घेतलं अन् बसा म्हणले. रामाजी बाकड्यावर हात मांडीवर ठेवून बसलता. मी बसू शकत नव्हतो. दारापर्यंत जाओ, वापस येओ. भिंतीवरचं डोळ्याचं चित्र तीनदा वाचलं. साखर नाई उतरली तं त्याचा डोळा गेला, अन् त्याले अकरा कचोऱ्या चारणारा मी. हे कोणी तोंडानं म्हणत नव्हतं. वहिनी तं नाईच म्हणत. त्या पदराचं टोक बोटाले गुंडाळत अन् सोडत.

"बाबाराव, बस ना बे," रामाजी म्हणला. "तुह्या चपलेच्या आवाजानं माही साखर वाढन."

नर्सबाई कागद घेऊन आली. "रामाजी कोण?"

माह्याच्यानं राह्यलं नाई. "किती हाय?"

"एकशे अठरा. उपाशीपोटी. मागं दोनशे चाळीस होती." तिनं कागद पुन्हा पाह्यला. "चांगली उतरवली हो काका. बाई म्हणल्या, आजच ॲडमिट व्हा, उद्या सकाळी ऑपरेशन."

वहिनीनं पदर सोडला अन् तोंडावर घेतला. मी खाली बसलो, अन् बसल्या बसल्या पॅन्टाचं हूक गेलं.

नर्सबाईनं माह्याकडं पाह्यलं. "तुमी बी बोट द्या काका, सोबतवाल्यायची फुकट तपासून राह्यलो आमी. खाऊन आले का?"

"थोडे पोहे."

तिनं टोचलं. मशीनवर आकडा आला, तिनं मशीन झटकलं, पुन्हा पाह्यलं. "दोनशे छप्पन. पोहे थोडे नव्हते. अन् नुसत्या पोह्याचं बी नाई हे. उद्या उपाशीपोटी या, बाईले दाखवून घ्या."

मी टोचलेलं बोट दाबून धरलं. बाजूले काहीतरी हलून राह्यलं होतं. पाह्यलं तं रामाजीचं पोट हलून राह्यलं होतं. तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यातून पाणी काढून.

"काय झालं बे?"

"माही वीत नऊ इंचाची हाय, बाबाराव. पक्की. पस्तीस वर्षं हातात टेप हाय माह्या. मामाची थाळी म्हणजे वीत अन् वर चार बोटं. त्या दिवशी जेवाले बसलो, हात ठेवला, तं वीत अन् दोनच बोटं."

मी त्याच्याकडं सरकलो.

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच घासाले. थाळी उचलून फेकणार होतो. मंग काठावरून बोट फिरवलं. नाव टाकल्याचा खरबरीतपणा लागला, नवा. मामाचा काना तिरपा. पोचा बी जागच्या जागी. म्हणलं, हा भैताड गिऱ्हाइकाच्या भांड्यावर नाव बी नीट टाकत नाई, अन् माह्यासाठी पोचा पाडत बसला. खाऊ म्हणलं याच्या थाळीत. पाहू, आणखी काय काय करते."

"मंग बोलला काऊन नाई?"

"बोललो असतो तं मले कबूल करा लागलं असतं का मी पथ्य पाळून राह्यलो. ते आपल्याच्यानं होत नाई." तो थांबला. "अन् तो गंज, बाबाराव. रोजचा तो गंज. घरी गेलो का मी अन् देवका पोट धरून हसो."

मी वहिनीकडं पाह्यलं. त्या पदराआड.

"वहिनी, तुमी बी?"

"मी काय केलं भाऊजी? ते म्हणले सुई ओवून दे, मी ओवली. कोणाच्या पॅन्टासाठी, ते इचारलं नाई."

तवा कुठं माह्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे पॅन्ट तू..."

"तीनदा मिळून अर्धा इंच आत घेतला," रामाजी म्हणला. "गोपालनं सांगतलं होतं, तू गाडीच्या मागं उभा राहून काय करते ते. तुले सांगून तू ऐकणार नव्हता. म्हणलं, घाबरंल तरी. अर्धा इंच माहा हाय, तो सोडून देतो. बाकीचे दोन इंच तुहे."

अन् मंग बोटानं माह्या कमरेले टोचून म्हणला, "थाळीतले दोन इंच गेले कुठं, ते समजलं आता?"

दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन झालं. मी उपाशीपोटी तिकडं दुसऱ्या खोलीत बसलतो, माहा आकडा घ्याले. तो काही इथं सांगत नाई. बाईनं मले गोळ्या लिहून देल्ल्या अन् रामाजीले सांगतलं तेच सांगतलं, ताट बदला.

त्याच्या पुढच्या सकाळी त्याची पट्टी उघडली. तो आधी वहिनीकडं पाहत राह्यला, लय वेळ. मंग माह्याकडं वळला. म्हणला, "एवढा जाड कवा झाला बे तू?"

आता महिना झाला. काल त्यानं चष्मा लावून सुई ओवली. पहिल्यांदा हुकली, दुसऱ्यांदा गेली. वहिनी शेजारी हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मदत करू का म्हणल्या नाईत. तो उलटी नावपट्टीवाला हवालदार कसा कोण जाणे, वर्दी घेऊन आलता. रामाजीनं पट्टी लावली, टेपनं दोन्हीकडून मोजली, अन् त्याले म्हणला, "सूतभरही इकडची तिकडं असंल तं वापस आणा." मामाची तेरा इंची थाळी त्यानं माह्याकडून वापस नेली, पण घरी नाई नेली. दुकानात मशीनच्या बाजूले ठेवली, बटनं अन् बिल्ले ठेवाले. घरी तो अकरा इंचीतच जेवते. माह्या घरी पंचफुलानं बी अकरा इंची काढली, अन् भाकर आता तव्यावरच राहते. दहा मिनिटं मुळा खा लागते. मुळा खाता खाता मी भांड्याकडं पाहतो, भांडं माह्याकडं पाहते.

पण चार वाजले का पाय आपोआप चौकाकडं वळतात. काल वळले. मनात म्हणलं, एकच, अन् तीही अर्धीच खाऊ. गोपालच्या कढईत दहा-बारा कचोऱ्या फुगून वर येऊन राह्यल्या होत्या, झाऱ्यावर चार निथळत होत्या.

"एक दे," मी म्हणलं.

"संपल्या," गोपाल म्हणला. झाऱ्या हलवतच.

"हे काय हाय बे?"

"हे दुसऱ्यायचे. तुमच्या संपल्या, बाबाराव भाऊ. आज संपल्या, उद्या बी संपतीन. मले तसं सांगून ठेवलंय."

मी मागं वळलो. चौकापासून त्याचं दुकान शंभर पावलं तं असंलच. दोन महिन्याआधी ह्या माणसाले दहा पावलावरचा खांब दिसत नव्हता. आता तो दारात उभा, गळ्यात टेप, काळा चष्मा कपाळावर सरकवून बरोबर माह्याकडं पाहत. हातात हिरव्या हरभऱ्याची जुडी.

"ये इकडं," त्यानं तिथूनच आवाज देल्ला. "घाटे सोलू."

मी गेलो. जाता जाता पॅन्ट वर ओढला, कारण आता तो खाली सरकून राह्यला हाय. सैल झाला म्हणून सरकते, का हा माणूस रात्रंदिवस कमरेची शिलाई आत-बाहेर करून मले बनवून राह्यला, ते काही समजून नाई राह्यलं. इचारलं तं हसते अन् घाटा सोलून देते.